वाढीव रजा

रायपूरच्या चौबे कॉलनीत आम्ही ज्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहतो, त्याच्या मालकांनी मला आजवर एकदाही नावानं हाक मारलेली नाही. "वरच्या बाई!" अशी जिन्याखालून आरोळी यायची आणि मी हातातल्या लाटण्यासकट खाली धावायची. माझा नवरा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला, तो "वरचे". दूधवाला नुसता "दूध", पेपरवाला "पेपर". "पेपर, कल क्यों नहीं आए?" असं कडक आवाजात विचारलं, की तो बिचारा सायकलवरून एक पाय खाली टेकून खरंखुरं कारण सांगायचा. सगळेच सांगायचे. त्या माणसासमोर उभं राहिलं, की आपण कुठंतरी गैरहजर होतो आणि आता जाब द्यायचा आहे, असंच वाटायचं.

हे मालक, म्हणजे काका, मूळचे अमरावतीकडचे. अख्खी नोकरी रायपुरात, रेल्वेच्या कचेरीत, रजेच्या टेबलावर. कोणाला रजा, किती, कशासाठी, हे सगळे अर्ज यांच्या हातून पुढं जायचे. म्हणजे जायला हवे होते, बहुतेक तिथंच राहायचे. "रजा हा हक्क नव्हे" हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे, की आमच्या धाकट्याला ते पाढ्यांच्या आधी पाठ झालं. एका पोरानं स्वतःच्या लग्नासाठी रजा मागितली, तर यांनी त्याला शांतपणे विचारलं होतं, "तिथं तुमची हजेरी आवश्यक आहे काय?" ही गोष्ट ते स्वतःच सांगायचे, अजिबात न हसता. त्यामुळे ऐकणाऱ्यानं हसायचं की नाही, ते कळायचं नाही. मी एकदा हसले, तर म्हणाले, "हसाचं काय त्यात? दोन्हीकडचे मिळून घरात माणसं कमी होती का?"

आम्ही राहायला आलो त्या पहिल्याच दिवाळीत मी माहेरी वर्ध्याला निघाले होते. काकांनी जिन्यात गाठलं.

"कारण?"

आता, मी भाडं देते, माझं माहेर, माझी आई. ह्यांना काय करायचंय? पण तोंडातून निघून गेलं, "आईचा गुडघा दुखतो."

"कोणता? डावा का उजवा?"

"उजवा," मी म्हणाले. खरं म्हणजे डावा होता. पुढं चार दिवस वर्ध्याला आईच्या उजव्या गुडघ्याकडे बघून मला अपराधी वाटत होतं. असला माणूस!

आणि काकू? काकू म्हणजे ह्या सगळ्याचं दुसरं टोक. बारीक चणीच्या, हळू बोलणाऱ्या, कायम हातात काहीतरी निवडत बसलेल्या. अकोल्याला बहिणीकडे जायचं म्हटलं, तर आठवडाभर आधी कारणाची तयारी करायच्या. मला विचारायच्या, "काय वं, बारसं म्हणू का डोळ्याचा डॉक्टर म्हणू? बारसं तं त्यांनी मागच्या वेळी नामंजूर केलं." मला वाटायचं गंमत करताहेत. मग एकदा त्यांची ट्रंक भरलेली तशीच परत माळ्यावर चढताना पाहिली, तेव्हा कळलं, की ह्या घरात गंमत कोणीच करत नाही.

अशा काकू एक दिवस कॅनडाला निघाल्या.

मुलगा तिकडे नोकरीला, सून नोकरीला, नातवाला सांभाळायला कोणी नाही. मुलानं फोनवर विचारलं, "आई, येतेस का?" आणि तिकीट, व्हिसा सगळं त्यानंच केलं. काकांना वेगळं कोणी विचारलं नाही. आता ह्यात मुलाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. आईबरोबर बाबांनी यायचं की नाही, हे बाबांचं बाबांनी बघायचं. पण काकांचा एक कायदा होता. मोबाईलवर आलेलं आवतन हे आवतन नाही. लग्नाची पत्रिका कोणी व्हॉट्सअॅपवर टाकली, तर हे लग्नाला जायचे नाहीत. मग तो सख्खा पुतण्या का असेना. हातात कुंकू लावलेली पत्रिका, वर अक्षता, आणि तोंडानं "या बरं का" असं म्हणणारं माणूस पाहिजे. नाहीतर जेवायला बसताना मान खाली जाते, म्हणे. तर मुलानं "बाबा, तुम्हीही या" असं शब्दांत म्हटलं नाही, म्हणून बाबा गेले नाहीत. "मले कोणी बोलावलं?" एवढंच म्हणाले.

काकूंना मात्र सहा महिने मंजूर केले. हो, मंजूर! माना विमानतळावर आम्ही पोचवायला गेलो होतो. दारात उभ्या राहून काकू डोळे पुसत होत्या, आणि हे म्हणतात काय, तर, "वेळेवर रुजू हो."

सहा महिने होत आले. काकांनी घराला रंग द्यायला काढला, काकूंच्या खोलीतला पंखा बदलला, आणि ते मला रोज सांगायला लागले, "येऊन राहिली ती." मग एका रविवारी आरोळी आली, "वरच्या बाई! लवकर या!" मी धावले. फोन स्पीकरवर, काका उभे. तिकडून काकूंचा आवाज, तसाच हळू.

"मी वाढवून घेतले अजून सहा महिने."

"कोणाले विचारून?"

"इथल्या सरकारले," काकू म्हणाल्या. "अर्ज केला. हो म्हणतीन म्हणते पोरगा."

काका मटकन खुर्चीत बसले. मी कुठं बघावं ते मला कळेना. भिंतीचा रंग अजून ओला होता, त्याकडे बघत उभी राहिले.

तिथून पुढं आमच्या घरात जे सुरू झालं, त्याला मी गोंधळ म्हणेन, दुसरा शब्द नाही. काकांना कायदा समजून घ्यायचा होता. मुलानं समजावून समजावून लांबलचक मेसेज पाठवले, ते मी वाचून दाखवायचे आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसायचो. काकूंच्या पासपोर्टवर जो व्हिसा चिकटवलेला होता, तो कित्येक वर्षांचा. पण एकदा गेलं की राहता येतं सहाच महिने. "म्हणजे दार उघडं आहे, पण आत बसाचं नाही?" काका विचारायचे. बरं, सहा महिने कधीपासून कधीपर्यंत, तर पासपोर्टवर शिक्का आहे, पण शेवटची तारीख कुठंच लिहिलेली नाही. ती आपण आपली मोजायची. हे ऐकून तर काकांना घाम फुटला. "तारीख नाही? मंग रुजू कधी व्हाचं, हे मानसानं स्वतः ठरवाचं?" आणि सगळ्यात वरताण म्हणजे, मुदत संपायच्या आधी वाढीव मुदतीचा अर्ज टाकला, की त्याचं उत्तर येईपर्यंत तिथं खुशाल राहता येतं. हे काही केल्या त्यांच्या गळी उतरेना. यांच्या टेबलावर उत्तर आलं नाही म्हणजे नाही, असंच चाळीस वर्षं चाललं होतं. ते उठायचे, अंगणात दोन फेऱ्या मारायचे, परत येऊन म्हणायचे, "पुन्हा वाचा." एकदा त्यांनी मला रेल्वेचा पास आणि प्रवास यांतला फरक सांगून सगळं समजावलं. मी मान डोलावली. मला काही कळलं नाही, आजही कळलेलं नाही.

पण खरा घोळ कायद्याचा नव्हताच. खरा प्रश्न एकच होता, आणि तो ते मला सोडून कोणालाही विचारत नव्हते. "ही येऊन काहून नाही राहिली?"

मला काय माहीत? मी म्हणायचे, नातू लहान आहे. ते म्हणायचे, पाळणाघर लागलं त्याचं, पोरानंच सांगितलं. मी म्हणायचे, हवा मानवली असेल. ते म्हणायचे, बर्फ पडते तिथं, बर्फ काय मानवते? नवरा-बायकोत भांडण झालेलं नव्हतं. कधीच झालं नव्हतं. अर्ज व्हायचा, निकाल व्हायचा, भांडायला जागा कुठं होती?

ह्याच दिवसांतली एक गोष्ट सांगते. मी कढीपत्ता मागायला खाली गेले होते. काका स्वयंपाकघरात उभे, कानाला फोन. "जिऱ्याचा डबा कुठं आहे?" विचारत होते. काकू तिकडून सांगत होत्या, खालच्या फडताळात, हळदीच्या मागं. आणि जिऱ्याचा डबा काकांच्या हातात होता! झाकण काढलेलं, चमचा आत. मी बोट दाखवलं, "काका, हा काय," तर त्यांनी मला असा हात केला, गप्प! आणि फोनमध्ये म्हणाले, "हळदीच्या मागं तं दिसत नाही. नीट सांग." काकूंनी परत पहिल्यापासून सांगितलं. हे ऐकत उभे. मला राग आला. अहो, एवढं आहे तर बोला ना तसं! पण कढीपत्ता घेतला आणि वर आले.

काकूंनी दुसऱ्यांदा मुदत वाढवली, तेव्हा काकांनी ठरवलं. "मी जाऊन घेऊन येतो. महिन्याभराचं काम."

समता कॉलनीत एक व्हिसाचं काम करून देणारा मुलगा बसतो, दवाखान्यांच्या रांगेत एक छोटं दुकान. मला बरोबर नेलं, का, तर "तुमी साक्षीदार." त्या मुलानं कॉम्प्युटर उघडला.

"अंकल, पर्पज क्या डालूँ? टूरिज्म, कि फैमिली विजिट?"

"लिखो, पत्नी को वापस लाना है."

"ऐसा नहीं लिखते, अंकल."

"फिर कैसा लिखते? सच है ना?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मग तो म्हणाला, तिकडच्या सरकारला एकच गोष्ट पटवायची असते, की हा माणूस मुदत संपली की घरी परत जाईल. त्याच्यासाठी घरी कोणीतरी पाहिजे, बायको, मुलं, काहीतरी ओढ. "आपकी तो वाइफ भी उधर, बेटा भी उधर. इधर आपका है कौन, जिसके लिए लौटेंगे?"

तो काही वाईट भावनेनं बोलला नाही, त्याचं रोजचं काम. काकांनी खिशातून घराच्या कागदांची घडी काढून टेबलावर ठेवली. पेन्शनचं पुस्तक ठेवलं. मुलगा म्हणाला, हे ठीक आहे, पण बेटे का इन्विटेशन लेटर मँगवाइए, उससे वजन आएगा. म्हणजे तुमचा मुलगा लिहून देईल, की मी माझ्या वडिलांना बोलावतो आहे, खर्च माझा, वेळेवर परत पाठवीन.

"आवतन?" काका माझ्याकडे वळून म्हणाले. "मागून आवतन घेते का कोणी?"

"काका, हे लग्नाचं नाही हो. कागद आहे नुसता."

"कागदच असते ते. मागून आणलेला कागद नको मले. माझ्या बायकोले भेटाले मले कोणाचं बोलावणं पाहिजे?"

लाख समजावलं. नाही म्हणजे नाही. अर्ज तसाच गेला, बिनबोलावण्याचा. बोटांचे ठसे द्यायला कलकत्त्याला जाऊन आले, एकटेच, डब्यात दशम्या घेऊन. आल्यावर म्हणाले, "त्या पोरीनं माझी बोटं धरून काचेवर ठेवली. म्हणते, अंकल, ढीला छोड़िए. मी काय कुस्ती खेळून राहिलो होतो?"

काही आठवड्यांनी उत्तर आलं. नकार.

मी खाली गेले, तेव्हा काका व्हरांड्यात चष्मा लावून ते पत्र वाचत होते. मला वाटलं चिडतील, ओरडतील. तर म्हणतात, "ड्राफ्टिंग चांगलं आहे." खरंच, तसंच म्हणाले. मला वाचून दाखवलं, एकेका शब्दावर बोट ठेवून, मराठी करत. तुमचे कौटुंबिक संबंध पाहता, मुदतीअखेर आपण आमचा देश सोडाल, याबद्दल माझं समाधान झालेलं नाही. "समाधान झालेलं नाही," ते परत म्हणाले. "पाहा, वरच्या बाई. कुठं राग नाही, शिवी नाही. माझंच वाक्य आहे हे." आणि पत्राची नीट घडी केली. त्या दिवशी त्यांच्या घरात चूल पेटली नाही. भांडीवाली बाई संध्याकाळी वर येऊन मला म्हणाली, "काका कुछु नइ खाए हे दीदी." मी वरण-भात घेऊन गेले, तर म्हणाले, भूक नाही, रजेवर आहे भूक. ही गंमत होती का? मला हसूही येईना, रडूही येईना.

शेवटी मीच काकूंना फोन लावला. काकांना न सांगता. काकू, म्हटलं, हा माणूस इथं सुकून चालला आहे. तुम्ही एक शब्द मुलाला सांगा, तो पत्र पाठवेल, व्हिसा होईल, संपलं.

काकू म्हणाल्या, "मी काय करते इथं, माहीत आहे काय तुले? सकाळी नातवाले पाळणाघरात सोडते. मंग बस पकडते. वाचनालयात जाते. तिथं बायका येतात, इंग्रजी शिकवते एक जण. येताना भाजी आणते. घरी आली तं कोणी विचारत नाही, कुठं गेली होती, कायले गेली होती. पहिले पहिले मी आपणच सांगत होती सगळ्यायले. सून म्हणे, आई, मला कशाला सांगता? एक दिवस सांगतलं नाही. काहीच झालं नाही, बाई! आभाळ नाही कोसळलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रुसली नाही त्यांच्यावर," त्या म्हणाल्या. "पण आयुष्यभर मी विचारलं, जाऊ का, येऊ का. त्यांनी एकदा विचारावं. 'येऊ का?' एवढंच. मी पोराले आजच्या आज पत्र लिहाले लावते."

मी तशीच खाली गेले आणि काकांना सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही, त्यात हे तर राहणंच शक्य नव्हतं. काका ऐकत राहिले. चेहरा असा केला, की जणू मी परक्या भाषेत बोलले. "विचारू?" म्हणाले. "नवऱ्यानं विचाराचं? म्हणजे अर्ज?" मी म्हटलं, अर्ज नका म्हणू, पण हो, विचारायचं. ते अंगणात गेले. फेऱ्या सुरू झाल्या. चार-पाच दिवस तेच. मधूनच थांबून ओठ हलवायचे. माझा नवरा वरून बघून म्हणाला, काका स्तोत्र पाठ करताहेत का? मी म्हटलं, दोन शब्दांचं आहे, तेच पाठ होत नाहीये.

मग आरोळी आली. "वरच्या बाई! साक्षीदार!"

फोन लावलेला होता. काकूंचा आवाज आला. काकांनी घसा साफ केला. हवापाणी विचारलं. नातू विचारला. बसचं तिकीट किती, ते विचारलं. मी बाजूला उभी राहून डोळ्यांनी खुणावत होते, बोला ना! मग हिंग कुठं आहे, ते विचारलं. मी कपाळावर हात मारला. काकू सगळ्याची उत्तरं देत होत्या, पण आवाज बारीक होत चालला होता, आता ठेवते म्हणतील, असं वाटायला लागलं. आणि तेवढ्यात काका म्हणाले,

"थंडी लय आहे का तिथं?"

"आहे तं."

"मंग... स्वेटर आणाचं का मले?"

बस. एवढंच. मला वाटलं, झालं, ह्यांनी घालवलं! काकूंना पाहिजे ते दोन शब्द काही आले नाहीत. काका फोनकडे असे बघत होते, की जणू निकाल त्यातून बाहेर पडणार आहे.

"आणा," काकू म्हणाल्या. "मफलर बी आणा. राखाडी रंगाचं, ट्रंकेत आहे."

मुलाचं पत्र आलं. त्यावर कुंकू नव्हतं, अक्षता नव्हत्या, कॉम्प्युटरवरून आलेलंच होतं, पण काकांनी ते छापून घेऊन देवघरात ठेवलं. समता कॉलनीतल्या मुलानं पुन्हा अर्ज भरला आणि ह्या वेळी व्हिसा लागला. निघाले तेव्हा जिन्याखाली उभे राहून मला बजावलं, "महिन्याभरात घेऊन येतो. तोवर दूध, पेपर, सगळे तुमच्या हाताखाली." मी म्हटलं, मी कोणाला गैरहजर लावणार नाही हं. ते म्हणाले, "तेच तं भ्या आहे मले."

महिना झाला. दोन झाले. चार झाले. मी फोन केला, की काका तिकडचं काहीबाही सांगायचे. काकू कुठं जातात, बस कुठं बदलतात, कुठली बाई काकूंना नावानं हाक मारते. "नावानं! आणि ही 'हाय' म्हणते तिले." परतीचं विचारलं, की म्हणायचे, बोलून राहिलो आहे. काकूंना विचारलं, की त्या म्हणायच्या, ते काही बोलले नाहीत बाई अजून. मला काही उमजेना. आणायला गेला होता की राहायला, हा माणूस? दूधवाला रोज विचारायचा, "अंकल कब आएँगे?" आणि मी रोज वेगळं काहीतरी सांगायची.

मग एका संध्याकाळी मी कणीक मळत होते, तिकडे सकाळ असणार, तेव्हा फोन आला. काका. आवाज अगदी दबका.

"वरच्या बाई, हळू बोला."

"काका, मी अजून बोललेच नाही."

"मी तळघरात आहे. कपडे धुवाच्या मशीनजवळ. ऐका. माझी मुदत संपून राहिली. वाढवाचा अर्ज करतो. बाकी सगळं पोरानं भरलं. पण एक पत्र जोडाचं असते, अजून काहून राहाचं आहे, त्याचं. ते म्हटलं, माझं मी लिहितो. पोराले दाखवाचं नाही मले."

"मग लिहा ना. कारणं तुम्हाला काय नवीन?"

"सोपं नाही ते." कागदाची चुरगळ ऐकू आली. "पहिले लिहिलं, पर्यटन. खोटं आहे. मी काही पाहिलं नाही इथं, हिच्या मागं मागं बाजार पाहिला फक्त. मंग लिहिलं, कौटुंबिक कारण. ते तं मी स्वतः कधी पास केलं नाही. आता खरं लिहाचं ठरवलं. त्याले इंग्रजी पाहिजे. तुमी इंग्रजी माध्यमाच्या पोरायची शिकवणी घेता, तुमाले येत असन."

"काय लिहायचंय?"

मागं मशीन घरघरत होतं.

"हिच्याशिवाय करमत नाही. याले काय म्हणतात?"

माझे हात परातीत तसेच राहिले. मी म्हटलं, बोअर होतं, असं लिहा.

"छे! बोअर तं मी हिच्यासंगं बी होतो."

"मग, लोन्ली वाटतं."

"ते एकट्या मानसाचं. घर भरलेलं आहे इथं. पोरगा आहे, सून आहे, नातू अंगावर नाचते. पण ही बसमध्ये बसून गेली, का तेव्हापासून ती येईपर्यंत... ते. त्याचा शब्द सांगा."

मी विचार केला, खरंच केला. शिकवणीच्या पुस्तकातले सगळे धडे डोळ्यांपुढून गेले. शब्द सापडेना. डोळ्यांत पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात कणकेचे. तेवढ्यात तिकडे जिन्यावर पावलं वाजली आणि काकूंचा आवाज आला, कोणाशी बोलून राहिले इथं अंधारात? फोन ह्या हातातून त्या हातात गेला.

"काय वं बाई, काय म्हणून राहिले हे?"

माझी सवय तुम्हाला सांगितलीच. मी सगळं ओकून टाकलं. पत्र, कारण, शब्द सापडत नाही ते, सगळं. बोलून झालं आणि मग वाटलं, अगं बाई, हे काय केलंस! तिकडे मशीन थांबलं. मला वाटलं, फोन कटला.

मग काकू बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"अहो, मराठीतच लिहा."

"त्यायले वाचता येईन का?" काका लांबून म्हणाले.

"सरकारचं पोरगा पाहून घेईन," काकू म्हणाल्या. "पहिले मले वाचू द्या."